लाईन क्लिअर कोणी द्यायचं?

२८ जानेवारी २०२६ ला सकाळी बारामतीच्या धावपट्टीजवळ एक छोटं जेट विमान कोसळलं. उपमुख्यमंत्री अजित पवार आणि त्यांच्यासोबतचे चौघं, म्हणजे दोन पायलट, एक केबिन अटेंडंट आणि एक सुरक्षा अधिकारी, असे पाचही जण गेले. राज्यात तीन दिवसांचा दुखवटा होता. आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये मात्र तीन आठवडे एकच प्रश्न चघळला गेला : घातपात की अपघात? तोंडी लावायला 'आता पक्षाचं काय होणार'. फर्स्ट इयरच्या पोरींपासून फायनलच्या दादालोकांपर्यंत सगळे राजकीय विश्लेषक! व्हॉट्सअ‍ॅपवर बाण काढलेले फोटो, लाल गोल केलेले व्हिडिओ... आणि ही सगळी आपण इंजिनिअरिंगची मुलं बरं का. सातशे-आठशे जणांच्या कॉलेजात मला एकही जण असा भेटला नाही, ज्याने विचारलं की त्या सकाळी बारामतीला हवामान मोजायला कोण बसलं होतं?

हा प्रश्न बोअरिंग आहे, मान्य. पण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने त्याच दिवशी घटनाक्रम जाहीर केला होता. पेपरात आला होता, पण हेडलाईनच्या खाली. मुंबईहून निघालेलं ते लिअरजेट ४५ सकाळी ८ वाजून १८ मिनिटांनी बारामतीच्या संपर्कात आलं. पायलटने वारा आणि दृश्यमानता विचारली. उत्तर मिळालं, वारा शांत, दृश्यमानता साधारण ३००० मीटर. विमान ११ नंबरच्या धावपट्टीवर उतरायला आलं, धावपट्टी दिसली नाही, म्हणून परत वर गेलं. याला गो-अराउंड म्हणतात. मग दुसऱ्यांदा आलं. धावपट्टी दिसते का, असं विचारल्यावर आधी उत्तर आलं की दिसत नाही, दिसली की सांगतो. काही सेकंदांनी सांगितलं, दिसली. ८:४३ ला उतरायची परवानगी दिली गेली. ती परवानगी पायलटने रेडिओवर परत बोलून दाखवायची असते. ते बोलणं आलंच नाही. ८:४४ ला धावपट्टीच्या तोंडाशी ज्वाळा दिसल्या.

विमान नेमकं का कोसळलं हे ठरवणं तपास करणाऱ्यांचं काम आहे, त्यात मी पडत नाही. मला बोलायचंय ते त्याआधीच्या सव्वीस मिनिटांबद्दल.

बारामती हे 'अनकंट्रोल्ड' एअरफील्ड. म्हणजे तिथे मुंबई-पुण्यासारखा सरकारी एअर ट्रॅफिक कंट्रोलर नव्हता. तिथे फ्लाइंग स्कूल्स आहेत, आणि त्यांचेच इन्स्ट्रक्टर आणि पायलट येणाऱ्या विमानांना रेडिओवर माहिती देत. त्यात त्यांचा काही दोष नाही, उलट दुसरं कोणीच नसताना ते बिचारे हे काम करत होते. पण 'साधारण ३००० मीटर' या शब्दांतला तो 'साधारण' मला फार टोचतो. आपल्या लॅबमध्ये रीडिंग लिहिताना 'साधारण पाच व्होल्ट' लिहिलं तर सर जर्नल फेकून देतात!

आता कोणी म्हणेल, तीन किलोमीटर म्हणजे खूप झालं की. मोटारसायकलवाल्याला तीन किलोमीटर दिसत असेल तर तो त्याला धुकं म्हणणारसुद्धा नाही. हवामानशास्त्रातही १ किलोमीटरच्या आत दिसायला लागलं तरच त्याला फॉग म्हणतात, त्याच्या वर मिस्ट. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला हा फरक पाठ करायला लावला होता. घरी मात्र दोन्हीला एकच शब्द, धुई. आणि धुई पडली की काळजी विमानाची नाही, तुरीच्या फुलांची. असो.

आपण जरा गणित करू. बारावीचं ट्रिगोनॉमेट्री, घाबरू नका. विमान उतरताना जमिनीशी साधारण ३ अंशांचा कोन करून खाली येतं. छोट्या जेटचा उतरतानाचा वेग सुमारे १२५ नॉट धरा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ६४ मीटर. धावपट्टी ३००० मीटरवरून दिसली, तर तिथपर्यंत पोचायला उरतात ४७ सेकंद. आणि त्या वेळी विमानाची उंची? ३००० गुणिले टॅन ३ अंश, म्हणजे सुमारे १५७ मीटर. फुटांत ५१५. आता हे ५१५ फूट लक्षात ठेवा. कारण विमानवाल्यांचा जगभर मानलेला एक नियम आहे की सगळं स्वच्छ दिसत असलं तरी ५०० फुटांपर्यंत विमान सरळ रेषेत, योग्य वेगात, चाकं-फ्लॅप लावून 'स्टेबल' झालेलं पाहिजे. नसेल तर परत वर जायचं. ढगातून, यंत्रांच्या भरवशावर येत असाल तर हीच मर्यादा १००० फूट.

म्हणजे बघा, ज्या क्षणी धावपट्टी पहिल्यांदा डोळ्यांना दिसते, जवळपास त्याच क्षणी सगळं जुळवून झालेलं असायला हवं. न दिसणाऱ्या धावपट्टीशी विमान आधीच जुळवायचं कसं? यंत्राशिवाय ते नशिबावरच आहे. डोळ्यांनी बघून उडण्याच्या नियमांत साधारण ५ किलोमीटर दृश्यमानता धरलेली असते, ती उगाच नाही. ५००० मीटरला हेच गणित करा. ७८ सेकंद मिळतात आणि उंची निघते ८६० फूट. तेवढ्यात माणूस चूक सुधारू शकतो.

अजून एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली, सापळाच. थंडीतल्या सकाळचा धुक्याचा थर पुष्कळदा अगदी पातळ असतो, जमिनीला चिकटलेला. वरून सरळ खाली बघितलं तर त्यातून शेतं, रस्ते, धावपट्टी सगळं दिसतं. पायलटला वाटतं, ठीक आहे. पण उतरताना तो सरळ खाली बघत नाही, ३ अंशांनी तिरपं बघतो. ३० मीटर जाडीचा थर तिरप्या रेषेत जवळजवळ ५७० मीटर लांब होतो. वरून पारदर्शक दिसणारी गोष्ट ऐन उतरताना भिंत होते. इंजिनिअरिंग ड्रॉईंगमध्ये आपण सेक्शन प्लेन तिरपं घेतो तेव्हा सिलिंडरचं वर्तुळ लांबलचक एलिप्स होतं ना, तसंच काहीसं.

आता माझ्या गावाबद्दल थोडं सांगते. माझं गाव जऊळका. वाशिम जिल्हा, मालेगाव तालुका, अकोला-पूर्णा लाईनवरचं छोटंसं स्टेशन. गावात विमानाचा संबंध फक्त वर बघण्यापुरता. पण रेल्वे आहे, आणि रेल्वेने एक गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच सोडवून ठेवली आहे. कितीही छोटं स्टेशन असू द्या, पुढच्या स्टेशनने लाईन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. सिंगल लाईनवर पूर्वी त्यासाठी मशीनमधून लोखंडी गोळा निघायचा. तो वेताच्या रिंगेत घालून ड्रायव्हरच्या हातात द्यायचे. पुढच्या स्टेशनने त्यांच्या मशीनवर हो म्हटल्याशिवाय इकडच्या मशीनमधून गोळा बाहेरच पडत नसे. शुद्ध इलेक्ट्रिकल इंटरलॉक! आबा म्हणतात, "गोया भेटल्याबिगर गाडी हालतच नव्हती, मंग डब्यात मंत्री बसला असो का कोनी."

धुक्यातसुद्धा रेल्वे ड्रायव्हरला 'बघ बाबा दिसतंय का' म्हणून सोडून देत नाही. सिग्नलच्या २७० मीटर आधी रुळावर फटाके लावतात, चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हरला कळतं सिग्नल आला. आता जीपीएसवरचं फॉग सेफ डिव्हाइस आलंय, ते पुढचा सिग्नल किती लांब आहे ते सांगतं. वेगाला मर्यादा घालतात. गाड्या चार-चार तास लेट होतात, आपण शिव्या घालतो, पण गाडी थांबवायचा निर्णय एकट्या ड्रायव्हरच्या हिमतीवर सोडलेला नसतो. जऊळक्यासारख्या स्टेशनातही 'नाही' म्हणायचा अधिकार असलेला माणूस असतो. आणि राज्याचा उपमुख्यमंत्री ज्या विमानात बसला होता, त्याच्यासाठी खाली असा अधिकारी माणूस नव्हता. हे मला पटत नाही. खरं तर कोणालाच पटू नये.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं. छोट्या विमानतळांना मोठी यंत्रणा परवडत नाही. आयएलएस म्हणजे इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीम, ती महाग, तिची देखभाल महाग. हे काही अगदी खोटं नाही. आयएलएस म्हणजे काय, तर धावपट्टीच्या टोकाला अँटेना, तिथून दोन बाजूंना ९० हर्ट्झ आणि १५० हर्ट्झने मॉड्युलेट केलेले सिग्नल सोडायचे. विमानात दोन्ही सारखे मिळाले की तुम्ही मधोमध. डावीकडे सरकलात की एक वाढतो, उजवीकडे सरकलात की दुसरा. तसंच वर-खालीसाठी. ईएनटीसीवाल्यांनो, आपण सेमिस्टरभर ज्याला कंटाळतो ते अ‍ॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशन हे असं माणसं जिवंत ठेवतं, हे कोणी लेक्चरला सांगितलं असतं तर बॅक थोडे कमी लागले असते! साध्या कॅट-वन आयएलएसवर पायलटला २०० फुटांपर्यंत खाली येता येतं आणि धावपट्टीवर ५५० मीटर दिसलं तरी पुरतं. पण त्याला अँटेनासाठी मोकळी जमीन लागते, दर ठराविक काळाने विमान उडवून तपासणी लागते. छोट्या गावाला हे जड जातं, कबूल.

पण आयएलएस नाही तर काहीच नाही, हे कोणी ठरवलं? आपल्या देशाचं 'गगन' आहे. इस्रो आणि एअरपोर्ट्स अथॉरिटी यांनी मिळून बनवलेलं. जीपीएसच्या सिग्नलमध्ये येणारी चूक जमिनीवरची स्टेशन्स मोजतात आणि जीसॅट उपग्रहांवरून दुरुस्ती पाठवतात. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचं एटीआर ७२ विमान याच गगनच्या मार्गदर्शनावर उतरवून दाखवलं. धावपट्टीवर आयएलएसची एकही अँटेना न लावता! उपग्रह वर फिरतोय, त्याचं बिल आपण भरून झालेलं आहे. गावाला करायचं काय, तर धावपट्टीचा आणि आजूबाजूच्या झाडं-टॉवरचा नीट सर्व्हे, त्यावरून मंजूर झालेला उतरण्याचा नकाशा, आणि हवामान मोजायचं साधन. उतरणाऱ्या विमानात त्याचा रिसीव्हर हवा आणि पायलटला त्याचं ट्रेनिंग, हेही खरं. पण हा काही हजार कोटींचा प्रश्न नाही.

दृश्यमानता मोजायचं मशीनसुद्धा इंपोर्टेड लागतं असं नाही. बंगळूरच्या नॅशनल एअरोस्पेस लॅबोरेटरीजने 'दृष्टी' नावाचं ट्रान्समिसोमीटर बनवलंय. ते हवामान खात्याने देशातल्या विमानतळांवर बसवलंय. तत्त्व अगदी साधं, एका टोकाकडून प्रकाश सोडायचा, दुसऱ्या टोकाला किती पोचला ते मोजायचं, हवेने किती खाल्ला ते कळतं. (आमच्या मागच्या प्रोजेक्ट एक्झिबिशनला सात लाईन फॉलोअर रोबोट होते. सात! एखाद्या ग्रुपने हे करायला काय हरकत होती?)

बारामतीला अपघातानंतर काय झालं माहीत आहे? हवाई दलाची टीम तिथे पोचली आणि तिने कंट्रोल आणि हवामानाची सेवा सुरू केली. कौतुकच आहे त्यांचं. पण याचा अर्थ असा की हे करणं शक्य होतं. रॉकेट सायन्स नव्हतं. माणसं, रेडिओ, वारा मोजायचं साधन, झालं. जे अपघातानंतर इतक्या लवकर उभं राहू शकतं, ते आधी का राहत नाही?

आता मशीन सगळं सोडवतं असं मात्र मी म्हणत नाही. इथे माझ्याच मुद्द्याला छेद देणारं उदाहरण घ्यायला हवं. ७ ऑगस्ट २०२०, कोझिकोड. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोईंग ७३७, विमानात १९० माणसं. कॅप्टन होते आपल्या नागपूरचे दीपक साठे, हवाई दलातून निवृत्त झालेले विंग कमांडर. अनुभवात, हुशारीत कुठे कमी? तिथे कंट्रोलर होता, आयएलएस होतं, सगळं होतं. मुसळधार पाऊस होता. पहिला प्रयत्न सोडून दिला, दुसऱ्यांदा उलट्या दिशेने आले, मागून वारा होता, कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. ८८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती ४४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी धावपट्टी संपल्यावर. विमान पुढे जाऊन दरीत पडलं, एकवीस जण गेले, त्यात दोन्ही पायलट होते. तपास अहवालात आहे की को-पायलटने गो-अराउंड म्हटलं होतं. आणि हेही आहे की त्या कॅप्टनना दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहूनच पुढची फ्लाइट न्यायची होती, तिथे कॅप्टन कमी होते. म्हणजे विमान दुसरीकडे वळवलं असतं तर उद्याचं वेळापत्रक कोलमडलं असतं.

गेलेल्या माणसाला दोष देऊन काय मिळणार. मला यात दिसतं ते हे की हवा खराब असताना पायलटच्या खांद्यावर बसलेलं ओझं फक्त विमानाचं नसतं. वाट बघणारे लोक असतात, उद्याची ड्यूटी असते. अजितदादा जिल्हा परिषदेच्या प्रचारसभांना निघाले होते. ३० सप्टेंबर २००१ ला माधवराव शिंदे खराब हवेत मैनपुरीजवळ विमान कोसळून गेले, तेही कानपूरच्या सभेलाच निघाले होते. नेत्याची सभा म्हणजे मांडव, माइक, दोन तास आधीपासून उन्हात बसलेली माणसं. अशा वेळी 'साहेब, पुण्याला उतरू आणि गाडीने जाऊ' हे वाक्य बोलायला पायलटला किती बळ लागत असेल? बारामती पुण्याहून गाडीने दोन-अडीच तास. साहेबांनी नाही म्हटलं असतं, असं मी अजिबात सुचवत नाहीये, अजितदादा तर वेळेइतकेच शिस्तीचे पक्के म्हणून प्रसिद्ध होते. पण ते वाक्य बोलायची पाळीच पायलटवर का यावी? खालून कोणी अधिकृतपणे सांगितलं असतं की फील्ड बंद आहे, तर संपलं. वाद नाही, भीड नाही, कोणाची नाराजी नाही. आबांचा तो गोळा नेमकं हेच करत होता. ड्रायव्हरला मंत्र्याशी बोलावंच लागत नव्हतं.

आणि को-पायलटने म्हटलेलं ते गो-अराउंड... आपण आपल्याकडे बघू या की. व्हायव्हात सर चुकीचं बोलले तर आपल्यातले किती जण म्हणतात, 'सर, असं नाहीये'? आपण 'येस सर' म्हणतो, इंटर्नलचे मार्क घेतो आणि बाहेर येऊन हसतो. वीस वर्षं हीच सवय लावून घेतलेला मुलगा किंवा मुलगी कॉकपिटमध्ये उजव्या सीटवर बसली की एकदम वेगळी कशी होणार? आपल्यातले बरेच जण उद्या बॉयलरजवळ, सबस्टेशनमध्ये, साइटवर उभे राहणार आहोत. तिथेही डावी सीट आणि उजवी सीट असतेच.

अशा अपघातांचा आपल्याकडचा इतिहास काही कालचा नाही. ४ ऑगस्ट १९७९ ला इंडियन एअरलाइन्सचं एक अ‍ॅव्रो, म्हणजे एचएस ७४८, पुण्याहून मुंबईला निघालं होतं. अगदी रोजच्या ये-जा करणाऱ्यांचं छोटं विमान. आज आपण शिवनेरी पकडतो तसं लोक पकडायचे. पावसाळी हवेत मुंबईला उतरण्यासाठी खाली येताना ते पनवेलजवळच्या डोंगरावर आदळलं, ४५ माणसं गेली, एकही वाचलं नाही. पुण्या-मुंबईच्या माझ्या किती नातेवाइकांना विचारलं, कोणालाच आठवत नाही. आणि १४ सप्टेंबर २०२३ तर आपल्या डोळ्यांसमोरचं. मुंबईत भर पावसात, दृश्यमानता ७०० मीटर, विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट ४५ धावपट्टीवरून घसरून तुटलं. आठही जण वाचले. बारामतीचं विमान त्याच ऑपरेटरचं, त्याच जातीचं. २०२३ ला सगळे वाचले म्हणून दोन दिवसांत बातमी विरली. वाचलेल्या माणसांपासून शिकायला आपल्याला का जमत नाही, कोण जाणे.

दुसरीकडे काय करतात बघा. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर उतरताना टीडब्ल्यूएचं विमान खराब हवेत डोंगरावर आदळून ९२ जण गेले. त्यानंतर तिथल्या सरकारने मोठ्या प्रवासी विमानांत जमीन जवळ आली की ओरडून सांगणारं यंत्र सक्तीचं केलं. ते यंत्र घडवणारा माणूस डॉन बेटमन, आपल्यासारखाच इलेक्ट्रिकल इंजिनिअर. पुढे त्याने जगभरचे डोंगर त्या यंत्राच्या मेमरीत भरले, त्यासाठी सोव्हिएत युनियन फुटल्यावर त्यांचे नकाशेसुद्धा मिळवले. त्याच्या यंत्राने किती माणसं वाचवली याची नेमकी मोजणी होऊच शकत नाही. कारण न झालेला अपघात पेपरात येत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं बारामती-मुंबईचं, आपल्या वऱ्हाडाला काय त्याचं? तर मित्रहो, १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचं विमान उतरू लागलं. १८५० मीटरची धावपट्टी, अलायन्स एअरचं एटीआर. उद्घाटनाच्या दिवशी स्टेटसवर आपण सगळ्यांनी तो फोटो ठेवला होता, मीसुद्धा. अभिमान वाटण्यासारखीच गोष्ट आहे. वाशिम-यवतमाळच्या माणसाला मुंबईच्या हॉस्पिटलला पोचायला एक रात्र वाचते, ही काही चैन नव्हे. म्हणूनच छोटे विमानतळ बंद करा, असं म्हणणाऱ्यांच्या मी विरुद्ध आहे. पण विमानतळ 'सुरू झाला' कधी म्हणायचं, याची व्याख्या बदलायला हवी. फीत कापली आणि पाण्याच्या फवाऱ्याची सलामी दिली म्हणजे धावपट्टी सुरू झाली. हवामान मोजणारा, तो आकडा सांगणारा आणि 'आज नाही' म्हणायचा अधिकार असणारा माणूस बसला, तेव्हा विमानतळ सुरू झाला. शिवाय अशा रीतीने चालवलं तर जानेवारीत सकाळच्या काही फ्लाइट्स रद्द होणार, हेही आपण आधीच गिळून ठेवलं पाहिजे. मग फेसबुकवर 'ही काय सेवा म्हणायची' असं लिहायचं नाही!

अकोल्याच्या शिवणी विमानतळाचं तर भिजत घोंगडं किती वर्षांचं. धावपट्टी १४०० मीटर, ती १८०० करा, त्यासाठी कृषी विद्यापीठाची जमीन द्या-देऊ नका, मोर्चे, निवेदनं, प्रत्येक निवडणुकीत आश्वासन. अकोल्यात पानठेल्यावरचा माणूसही तुम्हाला मीटरमध्ये बोलून दाखवेल. त्या १४०० आणि १८०० च्या शेजारी आपल्या स्टुडंट कौन्सिलने पुढच्या निवेदनात अजून एक आकडा मागावा, असं मला वाटतं. किती मीटर दिसत असताना विमान परत पाठवणार, आणि जानेवारीत सकाळी सात वाजता तो आकडा वाचायला तिथे कोणत्या हुद्द्याचा माणूस हजर असणार. निवेदनाचा मसुदा मी लिहून ठेवलाय. सह्या हव्या आहेत. लायब्ररीच्या बाजूच्या नोटीस बोर्डाजवळ शुक्रवारी तीननंतर मी असेन.